ही धून कुणाकडून आली?

आयरिश नाच म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रिव्हरडान्स येतो. १९९४ साली डब्लिनमध्ये युरोव्हिजन गायन स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा एक नाच झाला आणि पुढे त्याचाच मोठा कार्यक्रम होऊन तो जगभर फिरला. एका ओळीत उभे नर्तक, हात अंगाशी ताठ, पाय मात्र विजेसारखे. तो पाहून मलाही वाटायचं की आयर्लंडचं लोकसंगीत म्हणजे हेच.

मी ज्या महोत्सवाबद्दल लिहिणार आहे तिथे असली रोषणाई नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर काउंटी क्लेअर आहे. तिथल्या मिलटाउन मॅलबे या गावात दर जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. गाव हजारभर वस्तीचं. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना रंगीत दुकानं आणि पब, पलीकडे थोड्या अंतरावर अटलांटिक महासागर. माझी धाकटी बहीण याच काउंटीतल्या एनिस शहरात नर्स आहे. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते, तेव्हा तिच्या वॉर्डातल्या एका सहकारी बाईने सांगितलं, "इथवर आलीस आणि मिलटाउनला गेली नाहीस, तर क्लेअर पाहिलंच नाहीस." मग आठवड्यातले चार दिवस मी तिथे जात राहिले.

नावात 'स्कूल' आहे आणि ती खरंच शाळा आहे. हे कळायला मला एक सकाळ लागली. सकाळी फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, अकॉर्डियन, बॅन्जो, इलन पाइप्स असे वेगवेगळे वर्ग भरतात. गावातल्या शाळा, सभागृहं, जिथे जागा मिळेल तिथे. मी कॉन्सर्टिनाच्या एका वर्गाच्या दारात उभी होते. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत मावेल अशी षट्कोनी पेटी. आपल्या बाजाच्या पेटीची लांबची बहीण म्हणा ना, कारण दोन्हीत आवाज निघतो तो हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून. वर्गात आठ-नऊ वर्षांच्या मुली होत्या, तशीच केस पांढरे झालेली माणसंही. शिक्षिका एक तुकडा वाजवायची, वर्ग तो तिच्यामागून वाजवायचा. मग पुढचा तुकडा. मग दोन्ही जोडून. समोर कागद नव्हता. मुलांनी फोन जमिनीवर ठेवून रेकॉर्डिंग लावलं होतं एवढंच. मला एकदम मदरशातल्या सकाळची आठवण झाली. आयत अशीच शिकवतात, तोंडातून कानात आणि कानातून तोंडात.

धून पूर्ण बसल्यावर शिक्षिका म्हणाली, "ही मला अमक्या बाईंनी दिली. त्यांना त्यांच्या वडिलांनी." आणि मगच दुसरी धून घेतली.

हे वाक्य पुढचे चार दिवस मी सतत ऐकत राहिले. व्याख्यानात, वर्गात, पबमध्ये, रस्त्यावर. धून वाजवून झाली की ती कुणाकडून आली हे सांगायचं. आपल्याला हे काही नवं नाही. हदीस सांगताना आधी सनद येते. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने अमुककडून. सूफींच्या दर्ग्यात सिलसिला वाचतात, गवई घराणं सांगतात. पण एका सात-आठ वर्षांच्या मुलीने व्हिसलवर जेमतेम बत्तीस मात्रांची धून वाजवून वर तिची सनद सांगावी, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

ज्याच्या नावाने ही शाळा आहे त्याचीच सनद पाहा. विली क्लॅन्सी १९१८ साली मिलटाउनजवळ जन्मला. धंद्याने सुतार. वाजवायचा इलन पाइप्स. हे आयर्लंडचं बॅगपाइप, पण स्कॉटलंडच्या पाइपसारखं तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली छोटा भाता असतो, डाव्या कोपराखाली कातड्याची पिशवी. आयरिशमध्ये 'इलन' म्हणजे कोपराचं. वाजवणारा बसून वाजवतो, आणि एकाच वाद्यातून धून, तिच्याखाली सतत चाललेला षड्ज आणि मध्येच मनगटाने दाबलेले जोडस्वर असं सगळं निघतं. विलीचे वडील गिल्बर्ट बासरी वाजवत. त्यांनी तरुणपणी गॅरेट बॅरी नावाच्या आंधळ्या पाइपवादकाला ऐकलं होतं. बॅरी गावोगाव फिरून वाजवायचा. १८९९ साली तो गेला तो गरिबांसाठी सरकारने चालवलेल्या अनाथालयात, म्हणजे वर्कहाउसमध्ये. त्याच्या धुना गिल्बर्टच्या कानात राहिल्या, त्या मुलाला मिळाल्या. विलीने बॅरीला कधी पाहिलंही नव्हतं. आजही मिलटाउनमध्ये 'गॅरेट बॅरीची जिग' वाजते.

दुसरी कडी जॉनी डोरनची. हा ट्रॅव्हलर समाजातला. घोडागाडीतून फिरणारे, जत्रांत आणि घोड्यांच्या शर्यतींत वाजवणारे, आणि गावाच्या वेशीबाहेरच मुक्काम करू दिले जाणारे हे लोक. आपल्याकडच्या भटक्या जमातींना जे सोसावं लागलं ते त्यांनाही चुकलं नाही. आयर्लंडच्या सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली ती २०१७ साली. डोरनची गाडी क्लेअरमध्ये आली की तरुण विली त्याच्या मागे असायचा. १९४७ साली लोकसाहित्य गोळा करणाऱ्या सरकारी मंडळाने डोरनचं वादन ध्वनिमुद्रित करून ठेवलं. पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, आणि १९५० मध्ये तो गेला. एक आंधळा भिकेला लागलेला माणूस आणि एक वेशीबाहेरचा माणूस. ज्या संगीताला आज अख्खा देश आपली ओळख मानतो, त्याच्या सनदेत ही दोन नावं वरच्या ओळीत आहेत आणि कुणी ती पुसत नाही.

आता पबबद्दल. हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल, म्हणून सांगून टाकते. हो, मी पबमध्ये बसले. दुपारपासून गावातल्या जवळजवळ प्रत्येक पबमध्ये 'सेशन' सुरू होतं. क्लेअरमध्ये जुलैत मगरिब होते रात्री दहाच्या सुमाराला, त्यामुळे असर आणि मगरिबच्या मध्ये माणसाला भरपूर वेळ मिळतो. डोक्यावर ओढणी घेऊन मी कोपऱ्यात बसले आणि चहा मागितला. कुणाची भुवई उंचावली नाही. शेजारी बासरी घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते, त्यांच्याही समोर चहाच होता. त्यांच्या कोटावर लहानशी पिन होती, तिच्यावर लाल हृदय. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी पायोनियर आहे." १८९८ साली एका पाद्रीने स्थापन केलेली ही दारूबंदी संघटना. तिचे सभासद जन्मभर दारू न पिण्याची शपथ घेतात आणि ती पिन लावतात. साठ वर्षं पबमध्ये बासरी वाजवली आणि थेंबही घेतला नाही, असं ते म्हणाले. मग माझ्या कपाकडे पाहून विचारलं, "तुझीही शपथ आहे का?" मी म्हटलं, "हो, जन्मापासूनची." ते मोठ्याने हसले आणि त्यांनी मला सरकून जवळ जागा दिली.

सेशन म्हणजे मैफल नव्हे. मंच नाही, माइक नाही, श्रोत्यांकडे तोंड करून कुणी बसत नाही. वाजवणारे एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. एकजण धून सुरू करतो, ज्यांना येते ते मिसळतात, ज्यांना येत नाही ते हात मांडीवर ठेवून ऐकतात. धुनेचे साधारण दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि अख्खी धून दोन-तीन वेळा. मग न थांबता दुसऱ्या धुनेत उडी. जिग ऐकताना आपल्या कानाला दादरा आठवतो आणि रील ऐकताना जलद केरवा. फोनवर बोटाने सरकवायच्या रीलशी हिचा काही संबंध नाही, उलट ही ऐकताना फोन विसरायला होतो. त्या टेबलावर एक नामांकित फिडलवादक होता आणि बारा वर्षांचा एक मुलगाही. मुलाने एक धून सुरू केली तेव्हा नामांकित माणूस त्याच्या मागून, त्याच्याच लयीत वाजवत होता. पुढे जायची ताकद असून मागे राहणं, हा अदब मी तिथे पाहिला.

रात्री सभागृहात नाच. पण रिव्हरडान्सवाला नाही, 'सेट'चा. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात, जागा बदलतात, गिरक्या घेतात आणि बुटांच्या टाचांनी जमिनीवर ताल धरतात. हा मूळचा युरोपातला क्वाड्रिल नाच. एकोणिसाव्या शतकात तो आयर्लंडमध्ये आला आणि शेतकऱ्यांनी त्याला आपला ठेका दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाषा आणि संस्कृतीचे राखणदार म्हणू लागले की हा परदेशी आहे, नाचायचा असेल तर शुद्ध आयरिश नाच नाचा. क्लेअरचे लोक तरीही तोच नाचत राहिले. माझ्यासमोर सत्तरीतलं एक जोडपं होतं. बाईंचा गुडघा दुखत असावा, कारण खुर्चीवरून उठताना त्यांनी नवऱ्याचा खांदा धरला. संगीत सुरू झाल्यावर तो गुडघा कुठे गेला कोण जाणे.

इथवर सगळं गोड आहे. पण हे संगीत मरणाच्या दारातून परत आलेलं आहे, आणि तिथवर त्याला नेणाऱ्यांत कायदा होता आणि धर्मपीठही.

पूर्वी हा नाच सभागृहात नव्हे, स्वयंपाकघरात होत असे. शेतकऱ्याच्या घरातली चूल असलेली मोठी खोली. लग्न, अमेरिकेला निघालेल्या मुलाचा निरोप, किंवा नुसतीच हिवाळ्यातली लांब रात्र. शेजारी जमत, कुणी फिडल आणे, कुणी कॉन्सर्टिना. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना घराघरातल्या बायका वाजवत. किलरश गावच्या एलिझाबेथ क्रॉटी, ज्यांना सगळे मिसेस क्रॉटी म्हणत, त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. मुलं कोपऱ्यात बसून ऐकत आणि शिकत. तीच शाळा होती.

१९२५ साली आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांनी नाचाच्या दुष्परिणामांबद्दल एक निवेदन काढलं आणि ते चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. १९३५ साली सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला. नाच करायचा तर न्यायालयाचा परवाना हवा. कायदा सार्वजनिक जागांसाठी होता, घरातल्या नाचाचं त्यात नावही नव्हतं. पण अनेक ठिकाणी पाद्री आणि पोलिसांनी तो घरांवरही लावला. पाद्री दारात येऊन उभा राहिला की घरमालकिणीची काय बिशाद? गावोगावचे स्वयंपाकघरातले नाच बंद पडले. त्यांच्या जागी चर्चच्या देखरेखीखालची सभागृहं आली, तिकीट आलं, तिकिटावर कर आला आणि शहरी बँडबाजा आला. मिलटाउनजवळच्या मुल्ला गावचा फिडलवादक ज्युनियर क्रेहन याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. १९९८ मध्ये वयाच्या नव्वदीत जाईपर्यंत तो सांगत राहिला की त्या कायद्याने आमची परंपरेची शाळाच बंद केली. वर स्थलांतर होतंच. वाजवणारे बोटीत बसून लंडनला आणि न्यूयॉर्कला गेले. विली क्लॅन्सीही १९५० च्या दशकात लंडनमध्ये सुतारकाम करत होता. आज आपण ज्याला आयरिश पबचं पुरातन सेशन समजतो, ते बऱ्याच अंशी तिथल्याच मजुरांनी सुरू केलं. घर नव्हतं, चूल नव्हती, म्हणून पबचं टेबल.

हे ऐकताना मी अस्वस्थ झाले आणि त्याचं कारण आयर्लंडमध्ये नव्हतं. आमच्या कोकणातल्या गावी लग्नघरात हळदीच्या रात्री बायका गाणी म्हणायच्या. आमच्या बोलीतली, नवऱ्या मुलाच्या आईला टोमणे मारणारी, मुलीला निरोप देणारी, आगबोटीवर गेलेल्या खलाशी नवऱ्याची वाट पाहणारी. आजी त्यात पुढे असायची. तिला शंभरावर गाणी पाठ होती असं खाला सांगते. माझ्या लहानपणी ती गाणी होती. माझ्या लग्नात नव्हती. मध्ये काय झालं? परवाना मागणारा कायदा आला नाही. एका जुम्म्याला बयानात सांगितलं गेलं की बायकांचं हे गाणं नाजायज आहे. आखातातून आलेल्या पैशाने घरं मोठी झाली, शेजारी लांब झाले. ज्यांनी बयान मानलं त्यांनी गप्प बसून लग्न लावलं, ज्यांनी मानलं नाही त्यांनी डीजे आणला. दोन्ही घरांत आजीची गाणी नव्हती.

संगीताबद्दल आपल्या आलिमांमध्ये हजार वर्षं मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. इब्न अबी दुन्याने वाद्यांच्या निषेधाचं पुस्तक लिहिलं. इब्न हज्मने गाणं मुबाह ठरवलं. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर, म्हणजे ऐकण्यावर, स्वतंत्र प्रकरण लिहून कुठलं ऐकणं माणसाला वर नेतं आणि कुठलं खाली, हे बारकाईने सांगितलं. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा रसूलल्लाहांनी त्यांना गाऊ द्यायला सांगितलं, हे बुखारीत आहे. लग्नात डफ वाजवण्याला तर बहुतेकांची परवानगी आहे. म्हणजे दार इतकं घट्ट बंद कधीच नव्हतं. आमच्या गावात ते बंद करणाऱ्याने हजार वर्षांची चर्चा दोन वाक्यांत आटोपली, आणि कुणी विचारलंही नाही.

क्लेअरच्या लोकांनी पाद्र्यांशी भांडण मांडलं का? फारसं नाही. पायोनियर पिन लावलेले ते गृहस्थ रोज सकाळी प्रार्थनेला जात आणि रोज दुपारी बासरी वाजवत. धर्म सोडून संगीत धरणं किंवा संगीत सोडून धर्म धरणं, असा सौदा त्यांनी केलाच नाही. शिवाय सगळे पाद्री सारखे नव्हते. किलफेनोरा गावचा प्रसिद्ध नृत्यबँड १९०९ च्या सुमाराला सुरू झाला तो गावच्या चर्चसाठीच पैसे जमवायला. आणि आज समर स्कूलचे वर्ग ज्या शाळांच्या खोल्यांत भरतात, त्यांतल्या बऱ्याच चर्चच्याच छायेखाली वाढल्या. ज्या भिंतीच्या मागून मनाई आली, तिच्याच आत आता मुली कॉन्सर्टिना शिकतात.

त्यांनी केलं ते वेगळंच. १९५१ साली मलिंगर गावात काही वादकांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि दरवर्षी मोठा मेळा भरवायला सुरुवात केली. १९७३ च्या जानेवारीत विली क्लॅन्सी गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या मित्रांनी ही शाळा भरवली. त्यात ज्युनियर क्रेहन होता, मार्टिन टाल्टी होता आणि मुरिस ओ रोहान हा शाळामास्तर होता, ज्याने पुढे २०११ मध्ये जाईपर्यंत ती चालवली. पुतळा नंतर बसला, शाळा आधी आली. त्यांनी म्हातारी माणसं शोधून काढली, खुर्चीवर बसवली आणि मुलांना त्यांच्यासमोर बसवलं. जे शिकवलं त्याच्यासोबत कुणाकडून आलं तेही सांगितलं.

एनिसहूनच मी खालाला फोन लावला. ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे, दापोलीला मुलाकडे असते. म्हटलं, आजीची गाणी तुला किती येतात? ती म्हणाली, "अगो, आता कुठची? दात पडले सगळे." मग थोडा वेळ गप्प राहिली आणि एक गाणं म्हणायला लागली. तिसऱ्या कडव्यावर अडली, मागे गेली, पुन्हा सुरू केलं. शेवटी आपणहून म्हणाली, "हे काय आजीचं नाय हां. हे हर्णैच्या एका बाईने तिला शिकवलं होतं, होडीवाल्याच्या बायकोने. तिचं नाव सांगते, लिहून घे."

आतापर्यंत अकरा गाणी झाली आहेत. प्रत्येकाच्या वर कोपऱ्यात नावं लिहिली आहेत, कुणाकडून कुणाकडे. पुढच्या शाबानमध्ये चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. हळदीच्या रात्री खालाला मधोमध बसवायचं ठरलं आहे. डफ कुणी वाजवायचा यावर मुलींमध्ये भांडण सुरू झालं आहे.